नव्या डिझेल गाडीला ‘चिप’ बसवावी काय?



हळद विकली, सोयाबीनचे चार पैसे गाठीला बांधले, बाकीचे बँकेकडून कर्ज काढले आणि दारात नवी डिझेल गाडी आली. घरच्यांना घेऊन औंढ्याला नागनाथाचे दर्शन झाले, सोयऱ्यांकडे फेरी झाली. महिना-दोन महिन्यांत कोणीतरी भेटतो आणि म्हणतो, “काका, गाडी चांगली हाय, पण कंपनीनं तिची ताकद दाबून ठेवलीय. एक चिप टाकू. पिकअप वाढंल, ॲव्हरेज बी वाढंल. अर्ध्या तासाचं काम.”

ऐकायला गोड वाटते. खर्च तीस हजारांच्या घरात सांगतात. ताकदही वाढणार आणि डिझेलही वाचणार, मग कोणाला नको? पण पैसे मोजण्याआधी ही चिप करते काय, हे समजून घ्यावे. समजायला ते अवघड नाही. ज्याने विहिरीवरचे ऑइल इंजिन चालवले आहे, त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

विहिरीवरचे इंजिन आठवा

वीज गावात पुरती पोचली नव्हती तेव्हा विहिरीवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन असायचे. मिनिटाला १५०० फेरे हा त्याचा नेमका वेग. पंपावर भार वाढला की इंजिन मंद व्हायचे, लगेच गव्हर्नरची वजने आत यायची, पंपाची पट्टी सरकायची आणि नोझलमधून थोडे जास्त डिझेल पडायचे. भार कमी झाला की उलटे. म्हणजे गव्हर्नर हा इंजिनचा मुकादम. किती डिझेल द्यायचे ते तो ठरवायचा.

काही हुशार मंडळी या गव्हर्नरची स्प्रिंग आवळायची, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायची. पाणी जोरात यायचे, हे खरे. पण थोड्याच दिवसांत धुराड्यातून काळा धूर सुरू व्हायचा, इंजिन तापायचे, हेडचे गॅसकेट जळायचे, आणि ऐन उन्हाळ्यात ऊस वाळत असताना इंजिन खोलून पडलेले असायचे. ट्रॅक्टरच्या पंपाचा स्क्रू वाढवून घेणाऱ्यांनीही हेच अनुभवले आहे.

काळा धूर म्हणजे काय? न जळलेले डिझेल. एक किलो डिझेल नीट जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. चुलीत फुंकणी न मारता नुसती लाकडे कोंबली तर जसा धूर होतो, तसेच हे. डिझेल वाढवले आणि हवा तेवढीच राहिली, तर ताकद थोडी वाढते, धूर आणि उष्णता मात्र जास्त वाढते.

नव्या गाडीतला मुकादम

आजच्या डिझेल गाडीत वजनांचा गव्हर्नर नाही. त्याच्या जागी एक छोटा कॉम्प्युटर बसवलेला असतो. तो क्षणाक्षणाला इंजिनची माहिती घेतो. पाणी किती तापले, हवा किती आली, हवेचे तापमान काय, पायाने ॲक्सिलेटर किती दाबला, डिझेलचा दाब किती, हे सगळे त्याला सेन्सरकडून कळते. त्यावरून कोणत्या नोझलला, कोणत्या क्षणी, किती डिझेल सोडायचे ते तो ठरवतो. त्याच्या पोटात एक तक्ता लिहून ठेवलेला असतो. अमुक वेगाला, अमुक भाराला इतके डिझेल. हा तक्ता कंपनीने हजारो तासांच्या चाचण्या करून बनवलेला असतो.

या इंजिनला कॉमन रेल म्हणतात. सगळ्या नोझलना मिळून एकच जाड नळी असते, आणि तिच्यात डिझेल प्रचंड दाबाखाली साठवलेले असते. दाब किती, तर मोटारीच्या चाकात हवेचा दाब साधारण २ बार असतो. विहिरीवरच्या इंजिनचे नोझल सुमारे २०० बारला उघडायचे. नव्या गाडीच्या रेलमध्ये भार पडला की तो १६०० ते २००० बारपर्यंत जातो. एवढ्या दाबाने डिझेलचा अगदी बारीक फवारा होतो, म्हणून इंजिन कमी डिझेलमध्ये, कमी आवाजात ओढते. सोबत टर्बो असतो. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर त्याचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो.

जगात कॉमन रेलची पहिली मोटारगाडी १९९७ साली इटलीत निघाली. आज आपल्याकडे विकली जाणारी प्रत्येक नवी डिझेल कार याच पद्धतीची आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाल्यावर त्यांच्यातही ही पद्धत आणि हा कॉम्प्युटर येऊ लागला आहे. म्हणून आजचे हे बोलणे उद्या ट्रॅक्टरलाही लागू पडेल.

चिप म्हणजे काय, आणि ती काय करते

बाजारात चिप या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यांतला फरक ओळखा.

पहिली, काही शे रुपयांची डबी. स्टिअरिंगखाली तपासणीचे एक सॉकेट असते, त्यात ती खोचायची. दिवे लुकलुकतात, विकणारा म्हणतो आता ॲव्हरेज वाढले. अशा पुष्कळ डब्यांत दिवे लावण्यापलीकडे दुसरे काही काम नसते. इंजिनला तिचा पत्ताही लागत नाही.

दुसरी, खोके. हे सेन्सर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये जोडतात. रेलमध्ये दाब १४०० असला तर हे खोके कॉम्प्युटरला खोटेच सांगते की दाब कमी आहे. बिचारा कॉम्प्युटर दाब वाढवतो. नोझल तेवढाच वेळ उघडते, पण दाब जास्त म्हणून डिझेल जास्त पडते. म्हणजे मुकादमाला फसवून कोठारातून जादा माल काढायचा, असा हा प्रकार.

तिसरी, तक्ता बदलणे. यात वेगळी वस्तू बसवतच नाहीत. लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरमधला कंपनीचा तक्ता पुसतात आणि दुसरा लिहितात. त्यात डिझेलही वाढवतात, टर्बोची हवाही वाढवतात. जाणकाराने मापन यंत्रावर गाडी चालवून केले, तर टर्बो डिझेल गाडीची ओढ वीस-पंचवीस टक्के वाढू शकते. हे आम्ही नाकारत नाही. ताकद वाढते. प्रश्न असा आहे की ती येते कोठून, आणि तिचा भार कोणावर पडतो.

कंपनीने ताकद दाबून ठेवली आहे काय?

विकणारा म्हणतो, “तेच इंजिन दुसऱ्या गाडीत जास्त ताकदीचं येतं, मग तुमच्यात का नाही?” याचे उत्तर एका जुन्या इंजिनवरून देता येते. १२४८ सीसीचे एक इटालियन डिझेल इंजिन आपल्या पुणे जिल्ह्यात रांजणगावला बनत असे आणि कितीतरी भारतीय गाड्यांत बसत असे. एका गाडीत ते ७५ अश्वशक्तीचे होते, दुसऱ्या गाडीत ९० चे. लोक म्हणत, इंजिन एकच, नुसता तक्ता वेगळा. तसे नव्हते. ९० वाल्याला पाती सरकणारा वेगळा टर्बो होता. जादा डिझेल जाळायला जादा हवेची सोय आधी केली, मग ताकद वाढवली. २०२० च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि हे इंजिन आपल्याकडे बंद पडले. पण त्याचा धडा आजही खरा आहे.

कंपनी थोडी ताकद राखून ठेवते, हेही खरे. पण ती लपवण्यासाठी नव्हे. तेच इंजिन मे महिन्यात आपल्याकडे ४३ अंशांच्या उन्हात घाटातून भार ओढणार, लेहच्या विरळ हवेत चढणार, कोठे पाणी मिसळलेले डिझेल पिणार, कोणी तेल बदलायला दोन महिने उशीर करणार. या सगळ्यांतून ते दोन-तीन लाख किलोमीटर जावे म्हणून ही राखण असते. आपण बियाण्याला धान्य बाजूला काढतो. घरात पोते दिसते म्हणून ते दळून खाल्ले तर त्या महिन्यात पोट भरते, पण मृग निघाल्यावर काय पेरणार? चिपची ताकद ही अशा पोत्यातली आहे.

बिघडते कोठे?

उष्णता. दट्ट्या म्हणजे पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पूर्ण भारावर डिझेल इंजिनचा धूर ७०० अंशांच्याही वर जातो. खालून तेलाचा फवारा मारून पिस्टन थंड ठेवतात म्हणून तो टिकतो. डिझेल वाढले, उष्णता वाढली, की ही सोय अपुरी पडते. रिकामी गाडी चालवताना काही कळत नाही. पण मागे हळदीची पोती भरून, एसी लावून, उन्हात लांबचा रस्ता धरला की कळते.

क्लच आणि गिअर. इंजिनची ओढ वाढवली तरी क्लच प्लेट जुनीच. खोंडाच्या जागी खिलारी बैल जुंपला आणि शिवळा, जोते जुनेच ठेवले, तर बैल ओढेल पण जोते तुटेल.

धुराची जाळी. बीएस-६ डिझेल कारला सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी साचली की गाडी ती आपोआप जाळते, पण त्यासाठी जाळी सुमारे ६०० अंश तापावी लागते, म्हणजे गाडी सलग वेगात चालावी लागते. आपली गाडी गावातून तालुक्याला आठ-दहा किलोमीटर जाते आणि थांबते. जाळी आधीच अर्धी भरलेली. त्यात चिपने काजळी वाढवली की ती चोंदते, दिवा लागतो, गाडी ओढणे सोडते. नवी जाळी फार महाग पडते.

मग तोच माणूस म्हणतो, “जाळीच काढून टाकू, युरियाची टाकी बी बंद करू.” येथे दोन्ही हात जोडून नाही म्हणा. जाळी काढली की गाडी उघड उघड बेकायदा होते, आणि तो काळा धूर मागे बसलेल्या पोरांच्याच छातीत जातो.

युरियावरून एक गोष्ट सांगणे भाग आहे. काही डिझेल गाड्यांत धुरातला विषारी वायू मारण्यासाठी साडेबत्तीस टक्के युरियाचे शुद्ध द्रावण लागते. ते तयारच घ्यावे. शेतातल्या युरियाचे पोते फोडून पाण्यात कालवून टाकू नका. आपल्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, त्याने बारीक नळ्या आणि फवारा चोंदतो. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरणे हा गुन्हा आहे.

ॲव्हरेजचा हिशेब वहीवर करा

आता तुम्ही म्हणाल, डिझेल जास्त पडते तर ॲव्हरेज वाढते कसे सांगतात? त्यात थोडे तथ्य आहे. ओढ वाढल्याने माणूस लवकर वरचा गिअर टाकतो, पाय कमी दाबतो, तर थोडे डिझेल वाचू शकते. पण नवी ताकद मिळाल्यावर पाय हलका ठेवणारा माणूस विरळा. आणि काही गाड्यांत खोके बसवल्यावर पडद्यावरचा आकडाच चुकतो, कारण कॉम्प्युटरला डिझेलच कमी सांगितलेले असते.

समजा, सांगणारा खरे बोलतो. गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर फिरते आणि ॲव्हरेज १६ वरून १७ झाले. आधी ९३७ लिटर लागत होते, आता ८८२ लागतील. वाचले ५५ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर वर्षाला सुमारे ५ हजार रुपये. तीस हजारांची चिप फिटायला सहा वर्षे लागतील. तोवर एकदा क्लच प्लेट गेली तर हिशेब उलटा झालाच.

खरे ॲव्हरेज काढायचे तर पडद्यावर विसंबू नका. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून घ्या. तीन-चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. असे तीनदा करा आणि सरासरी काढा.

वॉरंटी, विमा आणि कायदा

नव्या गाडीची वॉरंटी पुस्तिका उघडून बघा. कंपनीच्या परवानगीशिवाय इंजिनमध्ये किंवा वायरिंगमध्ये बदल केला तर त्यामुळे झालेला बिघाड कंपनी भरून देत नाही. सर्व्हिसिंगच्या आधी खोके काढून ठेवू, असे सांगणारे भेटतात. पण कॉम्प्युटर जुन्या नोंदी पोटात ठेवतो, आणि तक्ता बदलला असेल तर तेही यंत्रावर उघड होऊ शकते.

विमा कंपनीलाही असा बदल कळवावा लागतो. न कळवता केला आणि अपघात झाला, तर दाव्यात वाद निघू शकतो. गाडीवर बँकेचा बोजा आहे, हप्ता चालू आहे, आणि दावा अडकला, तर भुर्दंड कोणावर? हे घरात बसून सर्वांनी मिळून बोलावे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच बजावले. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा मालकाला आहे, हे ध्यानात ठेवा.

कायदा इतका कडक का, ते एका उदाहरणाने कळेल. सन २०१५ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने कबूल केले की जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांच्या कॉम्प्युटरमध्ये फसवा तक्ता होता. तपासणीच्या वेळी गाडी शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर विषारी वायू जास्त सोडायची. आपल्या देशातही त्या कंपनीला ३ लाख २३ हजारांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कॉम्प्युटरमधल्या चार ओळी बदलल्या तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण परिणाम गावभर होतो.

गाडी ओढत नसेल तर आधी हे करा

चिपचा विचार मनात येतो, कारण गाडी ओढत नाही असे वाटते. पुष्कळदा कारण साधे असते.

१. हवेचा फिल्टर काढून उजेडात धरा. आपल्या काळ्या मातीची धूळ आणि हळद पॉलिश करतानाची भुकटी तो लवकर चोंदवते. पुस्तिकेतली मुदत धुळीच्या भागासाठी निम्मी समजा.

२. डिझेल फिल्टर वेळेवर बदला. खाली पाणी साचण्याची वाटी असेल तर ते काढून टाका. कॅनमधले, पिपातले डिझेल टाकीत ओतू नका. २००० बारच्या नोझलला पाण्याचा थेंबही सोसत नाही.

३. चाकांत हवा पुस्तिकेत लिहिल्याइतकी ठेवा. भार असताना आणि नसताना आकडा वेगळा असतो.

४. टर्बोच्या रबरी नळीला चीर आहे का, चाकाला ब्रेक धरून राहतो का, क्लच घसरतो का, हे मेकॅनिककडून बघून घ्या.

५. ठरलेल्या भारापेक्षा जास्त माल भरू नका.

६. महामार्गावर वेग ८० च्या आसपास ठेवा. १०० ला हवेचा विरोध ८० च्या दीडपटीहून जास्त होतो. नांदेडला जाताना दहा मिनिटे वाचतात, डिझेल मात्र भसाभस जाते.

७. लांबून, भार ओढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका. मिनिटभर मंद चालू ठेवा, म्हणजे टर्बोला तेल मिळून तो निवतो.

८. गाडी रोज जवळच फिरत असेल तर आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग चालवा. जाळीतली काजळी जळून जाईल.

एवढे करूनही गाडी ओढत नसेल, तर वॉरंटी शाबूत असताना कंपनीच्या वर्कशॉपमध्ये लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ती फुकट मिळणारी दुरुस्ती आहे.

चिप आधीच बसवली असेल तर

घाबरून जाऊ नका, पण लक्ष ठेवा. काळा धूर, क्लचचा जळका वास, चढावर पाण्याचा काटा वर जाणे, इंजिनचा पिवळा दिवा लागणे, ही खुणेची लक्षणे. आणखी एक लक्षण लोकांच्या ध्यानात येत नाही. डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढत असेल, तर तेलात डिझेल उतरते आहे असे समजा. असे तेल पातळ होते आणि बेअरिंग खाते. यांपैकी काही दिसले तर गाडी भाराला जुंपू नका. खोके असेल तर काढून मूळ जोडणी करून घ्या. तक्ता बदलला असेल तर ज्याने बदलला त्याच्याकडून मूळ तक्ता परत लिहून घ्या. त्याने तो जपून ठेवला नसेल तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये खरे काय ते सांगा. डॉक्टरपासून आणि मेकॅनिकपासून लपवून फायदा होत नाही.

बंधूंनो, शर्यतीत गाडी पळवणारा माणूस चिप बसवतो तेव्हा त्याला ठाऊक असते की इंजिन लवकर खोलावे लागणार. त्याची तयारी असते. आपली गाडी शर्यतीची नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायची ती गाडी आहे, वसमतच्या बाजारात हळद पोचवायची ती गाडी आहे. तिने पाच मिनिटे उशिरा पोचवले तरी चालेल, पण पोचवले पाहिजे. राखणीची ताकद इंजिनातच राहू द्या, आणि तेच तीस हजार हप्त्याला किंवा पुढच्या बेण्याला लावा.

हे पत्रक गाडीच्या कागदांसोबत ठेवा. घरातला जो कोणी गाडी चालवतो, त्याला वाचून दाखवा.